निनावी नाणे : डिजिटल चलन आणि अनामिकतेचा नैतिक प्रश्न

१

भाषिक मूल्याची संकल्पना स्पष्ट करताना फर्दिनां द सोस्यूर यांनी नाण्याचा दाखला घेतला होता. पाच फ्रँकच्या नाण्याचे मूल्य दोन प्रकारे ठरते : त्याच्या बदल्यात भाकरीसारखी विजातीय वस्तू घेता येते, आणि त्याच व्यवस्थेतील एक फ्रँकच्या नाण्याशी त्याची तुलना करता येते. १९१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याख्यानांतील हा दाखला चिन्हमीमांसेच्या अभ्यासकांना परिचित आहे. भाषा आणि चलन यांच्या साधर्म्याची चर्चा त्यानंतर पुष्कळ झाली. तथापि या चर्चेचा भर चिन्ह, मूल्य आणि विनिमय यांवर राहिला. चिन्ह वापरणाऱ्याचे काय, हा प्रश्न मागे पडला. डिजिटल चलनाने तो आज पुन्हा पुढे आणला आहे, आणि त्याचे स्वरूप केवळ आर्थिक वा तांत्रिक नाही.

भारतीय नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते. सही करणारा वचन देतो. ज्याला वचन दिले जाते त्याचा निर्देश मात्र ‘धारक’ एवढ्याच शब्दाने होतो. एमिल बेनव्हेनिस्त यांनी सर्वनामांविषयी जे प्रतिपादन केले ते येथे उपयोगी पडते. ‘मी’ या शब्दाला कोशात निश्चित व्यक्ती नाही. जो उच्चारतो तो त्या उच्चारापुरता ‘मी’ होतो. ‘धारक’ हा शब्दही याच जातीचा आहे. नोट ज्याच्या हाती असेल तो त्या क्षणापुरता धारक, आणि हातातून सुटली की कोणीच नाही. रोख व्यवहार हे अशा प्रकारे सही न करता बोलता येणारे वाक्य असते. त्याच्या एका टोकाला राज्यसंस्थेची स्वाक्षरी आहे आणि दुसरे टोक मोकळे आहे.

डिजिटल व्यवहारात हे मोकळे टोक बंद होते. त्यामागे आरंभी कोणाचा कुटिल हेतू असतो असे मानण्याचे कारण नाही. धातूचे नाणे एकाच वेळी दोन हातांत असू शकत नाही; अंकांची माळ मात्र कितीही वेळा उतरवून घेता येते. तोच पैसा दोनदा खर्च होऊ नये यासाठी कोणीतरी वही ठेवावी लागते, आणि वहीत लिहायचे तर कोणाच्या तरी नावे लिहावे लागते. अशा रीतीने ‘धारक’ हा ‘खातेदार’ होतो. सर्वनामाची जागा विशेषनाम घेते.

या बदलाविषयी लोकांना वाटणारी अस्वस्थता कल्पित नाही. युरोपीय मध्यवर्ती बँकेने डिजिटल युरोविषयी ऑक्टोबर २०२० ते जानेवारी २०२१ या काळात लोकांची मते मागविली. ८,२०० हून अधिक प्रतिसाद आले आणि त्यांपैकी ४३ टक्क्यांनी खासगीपणा हे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य मानले. सुरक्षिततेला पहिला क्रम देणारे १८ टक्के होते. पैसा बुडण्याच्या भीतीपेक्षा पैसा बोलका होण्याची भीती मोठी ठरावी, याचा उलगडा आवश्यक आहे.

२

पहिला आक्षेप अतिशय जुना आहे. मराठीत तो ‘कर नाही त्याला डर कशाला’ या म्हणीत सामावलेला आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या पुस्तकात ग्लॉकॉन गायजिसच्या अंगठीची कथा सांगतो, तिचा रोख हाच आहे. लिडियाच्या राजाच्या चाकरीतील एका मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडते. तो राणीला वश करतो, राजाला ठार मारतो आणि राज्य बळकावतो. कोणी पाहत नसेल तर न्यायी आणि अन्यायी माणसांत फरक उरत नाही, असे ग्लॉकॉनचे म्हणणे. कांट यांनी १७९५ च्या शाश्वत शांतीविषयक निबंधात इतरांच्या हक्कांवर परिणाम करणाऱ्या कृतींसाठी प्रकटतेचा निकष मांडला. जे सूत्र जाहीर करता येत नाही त्यावर आधारलेली कृती अन्याय्य होय. या विचारपरंपरेत अनामिकता ही मूल्य नसून मोह ठरते.

आक्षेपाला अनुभवाचे बळही आहे. ‘सिल्क रोड’ या नावाने २०११ साली सुरू झालेली आणि २०१३ साली अमेरिकी शासनाने बंद पाडलेली बाजारपेठ बिटकॉइनच्या आधाराने अमली पदार्थांचा व्यापार करीत होती. रुग्णालयांचे संगणक ओलीस धरून खंडणी मागणारेही अशाच चलनाचा आग्रह धरतात. अनामिकतेचे समर्थन करणाऱ्याला हे नाकारून पुढे जाता येत नाही.

पण गायजिसची कथा नीट वाचली तर तिच्यातील अंगठी दोन गोष्टी देते. ती धारण करणारा दिसेनासा होतो, आणि इतर सर्व जण त्याला पूर्ववत दिसत राहतात. त्याचे सामर्थ्य केवळ अदृश्य होण्यात नाही. ते दृश्यतेच्या या वैषम्यात आहे. म्हणूनच कथेचा शेवट सिंहासनावर होतो. मंडईत नोट देऊन भाजी घेणारी स्त्री या अर्थाने अदृश्य मुळीच नसते. विक्रेता तिचा चेहरा पाहतो, आवाज ऐकतो, पुष्कळदा तिला ओळखतोही. लहान गावात तर कोण काय घेतो हे सर्वांना ठाऊक असते. तेथे रोख पैशाने कोणाला कधी अज्ञात केलेले नाही. मग रोखीने दिले ते काय?

रोखीने दिले ते विस्मरण, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे विखुरलेपण. औषधवाल्याला औषध ठाऊक असते, ग्रंथविक्रेत्याला ग्रंथ, देवस्थानाला देणगी, संघटनेला वर्गणी, परगावच्या वकिलाला फी. प्रत्येकाला थोडे ठाऊक असते आणि सगळे कोणालाच नसते. हेलेन निसेनबॉम यांनी २००४ साली मांडलेली संदर्भाच्या अखंडतेची कल्पना याच दिशेने जाते : माहिती ज्या संदर्भात दिली जाते त्याचे संकेत मोडून ती अन्यत्र वाहू लागली की खासगीपणाचा भंग होतो, मग ती माहिती मुळात गुप्त असो वा नसो.

साहित्यविचाराच्या परिभाषेत हे अधिक नेमकेपणे सांगता येते. मिशेल फुको यांनी १९६९ च्या ‘लेखक म्हणजे काय?’ या व्याख्यानात लेखकाच्या नावाचे कार्य विशद केले. ते नाव विखुरलेल्या संहितांना एकत्र आणते, त्यांच्यावर एकात्मतेचा आरोप करते, आणि त्यांच्याबद्दल कोणाला शिक्षा करायची हेही ठरविते. खातेक्रमांक नेमके हेच कार्य करतो. औषध, ग्रंथ, देणगी, वर्गणी आणि फी ही पाच सुटी वाक्ये एका नावाखाली आली की त्यांची एक संहिता तयार होते. तिला हेतू असल्याचे गृहीत धरले जाते. तिचा अर्थ लावणारा वाचक खातेदाराला अज्ञात असतो, आणि त्या अर्थनिर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोयही बहुधा नसते. जे लिहिण्याचा कधी मनोदयच नव्हता अशा आत्मचरित्राचे कर्तृत्व माणसावर लादले जाते. डिजिटल चलन वापरताना अनामिकता हवीशी वाटते, तिच्या मुळाशी गुन्हा लपविण्याच्या इच्छेपेक्षा या लादलेल्या कर्तृत्वाला दिलेला नकार अधिक वेळा असतो.

३

वही आणि सत्ता यांचा संबंध मराठी समाजाला नवा नाही. तुकारामांचे घराणे सावकारीचे होते, आणि वैराग्य आल्यावर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली असे परंपरा सांगते. पुढे त्याच नदीत त्यांच्या अभंगांच्या वह्याही बुडवाव्या लागल्या, असेही तीच परंपरा सांगते. या दोन बुडविण्यांतील अंतर विचारात घेण्याजोगे आहे. पहिल्यात वहीचा मालक ऋणकोंना त्यांच्या भूतकाळातून मोकळे करतो. दुसऱ्यात धर्मसत्ता कवीला त्याच्या शब्दांपासून तोडू पाहते. नोंद नष्ट करणे हे स्वतः चांगले वा वाईट नसते. ती कोण, कोणाच्या आणि कशासाठी नष्ट करतो यावर त्याचे नैतिक मूल्य ठरते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या दप्तरावर होता. रोखे, हुकूमनामे आणि वह्या हस्तगत करून जाळणे हा त्या उठावाचा मुख्य कार्यक्रम होता. ज्या कागदावर आपले नाव आहे पण जो आपल्याला वाचता येत नाही, त्या कागदाने जमीन जाते, हे निरक्षर कुळाला पुरते समजले होते. मात्र १८७९ च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्याने शोधलेला उपाय वही नाहीशी करण्याचा नव्हता. रोखे नोंदणीदारासमोर व्हावेत, भरण्याची पावती मिळावी, ऋणकोला हिशेब मागता यावा, अशा तरतुदी त्याने केल्या. एकतर्फी नोंदीवर तोड म्हणून दुतर्फी नोंद आली.

अनामिकतेच्या समर्थनाला ही घटना मर्यादा घालते. नोंद हे दुर्बळाचेही शस्त्र असू शकते. मजुरी थेट खात्यात जमा झाली तर मुकादमाला ती मधल्यामध्ये कापता येत नाही. स्त्रीच्या नावे खाते असेल तर तिचा पैसा तिचा असल्याचा पुरावा राहतो. निनावी पैसा चोरीला गेला तर तो कोणाचा होता हे सांगता येत नाही. तेव्हा प्रश्न नोंद असावी की नसावी असा नसून, नोंद कोणाच्या ताब्यात असावी, ती कोणाला वाचता यावी आणि ती कधी पुसली जावी, असा आहे.

या पार्श्वभूमीवर बिटकॉइनचे स्वरूप पाहणे बोधप्रद ठरते. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने एक नऊ पानी निबंध प्रसिद्ध झाला, आणि जानेवारी २००९ मध्ये ती व्यवस्था सुरू झाली. हे चलन निनावी आहे असा समज रूढ असला तरी तो बरोबर नाही. त्याची वही जगभर पसरलेल्या संगणकांवर एकाच वेळी ठेवली जाते, ती कोणालाही वाचता येते आणि कोणालाही पुसता येत नाही. तीत माणसाच्या नावाऐवजी अक्षरांकांचा पत्ता असतो. मराठी कवितेच्या इतिहासातून दाखला द्यायचा तर जात्यावरची ओवी अनामिक असते. केशवसुत, बालकवी वा ग्रेस ही टोपणनावे आहेत. ओवीची कर्ती कोण हे शोधून काढता येत नाही, कारण एका ओवीला दुसऱ्या ओवीशी जोडणारे नावच नाही. टोपणनाव मात्र सर्व रचनांना एका सूत्रात ओवते. त्यामागचे मूळ नाव एकदा कळले की सगळी रचना मागे जाऊन त्या माणसाच्या पदरी पडते. बिटकॉइनच्या पत्त्यांचे असेच होते. प्रत्येक व्यवहाराला नवा पत्ता वापरावा अशी सूचना मूळ निबंधातच आहे, ती याच धोक्यामुळे. २०२१ साली अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन कंपनीने दिलेल्या खंडणीचा मोठा भाग तपास यंत्रणांनी परत मिळविला, तो ही उघडी वही वाचूनच. इंद्रायणीत बुडविता येणार नाही आणि सुप्याच्या चावडीपुढे जाळता येणार नाही, अशी ही वही आहे. मोनेरो (२०१४) आणि झीकॅश (२०१६) यांसारखी चलने त्यानंतर निर्माण झाली, त्यांमागे हीच जाणीव होती.

४

आतापर्यंत ‘नाव’ ही संकल्पना जणू तटस्थ असल्याप्रमाणे वापरली गेली. भारतीय समाजात, विशेषतः महाराष्ट्रात, ती तशी नाही. येथे नाव केवळ व्यक्ती दाखवीत नाही. आडनावासकट उच्चारले की गाव, धर्म आणि पुष्कळदा जात दाखविते.

‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३) लिहिणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आत्मपर टिपणांत, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये, १९०१ सालचा एक प्रवास वर्णिला आहे. वडिलांकडे जाण्यासाठी साताऱ्याहून निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. अंगावर चांगले कपडे आहेत, खिशात भाड्याचे पैसे आहेत. स्टेशनमास्तर त्यांना ब्राह्मणांची मुले समजतो. तो विचारपूस करतो, जात सांगितली जाते, आणि सारे बदलते. दुप्पट भाडे देऊ केले तरी गाडीवाले तयार होत नाहीत. अखेरीस मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवाल्याने बाजूने चालावे, या अटीवर दुप्पट भाड्यात प्रवास ठरतो.

पैशाच्या तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने या प्रसंगाचे महत्त्व मोठे आहे. गेओर्ग झिमेल यांनी १९०० च्या आपल्या ग्रंथात पैशाच्या व्यक्तिनिरपेक्षतेत स्वातंत्र्याची शक्यता पाहिली होती. पैसा देणाऱ्याचे शील, कुल वा श्रद्धा विचारीत नाही. मसूर स्थानकावर ही शक्यता काही क्षण अस्तित्वात होती. नाव उच्चारले गेले त्या क्षणी ती संपली. रुपया तोच होता, भाडे दुप्पट होते, पण रुपयाला देणाऱ्याची जात चिकटली. अनामिकता म्हणजे जबाबदारीतून पळवाट, हा आक्षेप येथे निरुत्तर होतो. ज्याने काही केलेले नाही त्याच्यावर नावामुळे शिक्षा ओढवत होती. नाव न सांगणे हीच त्याच्या निर्दोषपणाची एकमेव संरक्षक भिंत होती. ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण ज्यांच्या नावालाच गुन्हा मानले गेले नाही अशांची आहे.

२०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेने भारतातील लहानसहान व्यवहार विलक्षण सुलभ केले, हे निःसंशय. पण त्या व्यवहारात देणारा आणि घेणारा यांना साधारणतः एकमेकांची बँकेत नोंदलेली नावे दिसतात. चहाच्या दहा रुपयांबरोबर आडनावही पोहोचते. भाड्याच्या खोलीची अनामत, खानावळीचे बिल, रिक्षाचे भाडे यांतून आडनाव कळल्याने प्रत्येक वेळी काही घडेलच असे नाही. परंतु न सांगण्याचा जो पर्याय नोटेने निमूटपणे दिला होता तो राहत नाही. ज्यांचे आडनाव त्यांना कधी अडचणीत आणत नाही त्यांना ही हानी जाणवतही नाही, आणि धोरणे ठरविणारे बहुधा त्यांच्यातलेच असतात.

८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीने आणखी एक स्तर उघडा केला. जुन्या नोटा बदलून घेण्यासाठी रांगेत ओळखपत्र दाखवावे लागले. काही दिवस बोटाला शाईही लावली गेली. ‘धारका’ला आपण कोण हे सांगावे लागले. त्या दिवसांत अनेक घरांतील स्त्रियांनी डाळ-तांदळाच्या डब्यांत साठविलेला पैसाही बाहेर आला. तो काळा पैसा नव्हता. घरखर्चातून वाचविलेली, मुलीच्या शिक्षणासाठी, माहेरच्या अडीअडचणीसाठी वा कधी घर सोडावे लागलेच तर म्हणून ठेवलेली ती रक्कम होती. तिची अनामिकता राज्यसंस्थेविरुद्ध नव्हती. ती त्याच छपराखालच्या सत्तेविरुद्ध होती. घरात एकच फोन असेल आणि प्रत्येक व्यवहाराचा संदेश त्यावर येत असेल, तर डब्यातल्या पैशाला डिजिटल पर्याय नाही.

५

ऑरवेलच्या ‘१९८४’ मधील सर्वसाक्षी सत्ता ही या विषयावरील चर्चेची ठरीव प्रतिमा झाली आहे. डॅनियल सोलोव्ह यांनी २००१ पासूनच्या लेखनात या प्रतिमेला काफ्काच्या ‘द ट्रायल’चा पर्याय सुचविला. माहितीसाठ्यांचा खरा धोका कोणीतरी सतत रोखून पाहण्यात नसून, कोठेतरी आपल्याविषयी कागद जमत आहेत, त्यांवरून निर्णय होत आहेत आणि ते कोण करतो हे कळत नाही, या असहायतेत आहे, असे त्यांचे प्रतिपादन. रूपकाची निवड ही येथे अलंकाराची बाब राहत नाही. उपाय कोणता शोधायचा हे तीवर अवलंबून असते. ऑरवेल प्रमाण मानला तर लपणे हा उपाय होतो. काफ्का प्रमाण मानला तर वही वाचणाऱ्याला नाव असावे, त्याला जाब विचारता यावा, ही मागणी पुढे येते.

विशेष असे की, डिजिटल चलनाच्या अगदी पहिल्या रचनेत या दोन्ही मागण्यांचे भान होते. डेव्हिड चॉम या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९८२ साली अंध स्वाक्षरीची कल्पना मांडली आणि १९८५ च्या निबंधात ओळख न देता सुरक्षितता साधण्याचा आराखडा दिला. कल्पना समजावून सांगताना त्याने पाकिटाचा दाखला घेतला. कोऱ्या चिठ्ठीवर आपण निवडलेला क्रमांक लिहून ती कार्बन पेपरसह पाकिटात घालावी. बँकेने पाकीट न उघडता वरून सही करावी. कार्बनमुळे ती आतल्या चिठ्ठीवर उमटते. पुढे ती चिठ्ठी दुकानदारामार्फत बँकेत परत येते तेव्हा सही आपलीच आहे हे बँक ओळखते, पण ही चिठ्ठी कोणाच्या पाकिटातली हे तिला सांगता येत नाही. संहिता न वाचता केलेली ही स्वाक्षरी आहे. हमी देण्यासाठी जाणून घ्यावेच लागते, हे गृहीतक तिने मोडले.

नैतिक दृष्टीने त्यातील दोन तपशील अधिक मोलाचे आहेत. या व्यवस्थेत पैसे देणारा अनामिक राहतो, घेणारा राहत नाही. कारण घेणाऱ्याला नाणे बँकेत जमा करावे लागते. लाच देणाऱ्याने हे नाणे वापरले तर लाच घेणाऱ्याच्या खात्यावर त्याची नोंद होते. दुसरा तपशील १९८८ साली चॉम, फियाट आणि नाओर यांनी मांडलेल्या रचनेतील आहे. तीत नाण्यामध्ये धारकाची ओळख अशा प्रकारे विभागून गुंफलेली असते की नाणे एकदा वापरले तर ती उलगडत नाही, पण तेच नाणे दोनदा वापरले तर दोन तुकडे जुळून नाव उघड होते. नाव येथे आधी मागितले जात नाही; फसवणुकीच्या कृतीतूनच ते प्रकट होते. निर्दोषाने आपली निर्दोषता आगाऊ सिद्ध करावी, ही अपेक्षा तीत नाही.

चॉमच्या अॅम्स्टरडॅम येथील डिजिकॅश या कंपनीचे चलन १९९५ पासून अमेरिकेतील मार्क ट्वेन बँकेने वापरात आणले. १९९८ साली कंपनी दिवाळखोरीत गेली. तेव्हा लोकांनी क्रेडिट कार्डाची सोय पसंत केली. मूल्य म्हणून मान्य असलेली गोष्ट सोयीपुढे सहज मागे सारली जाते, आणि तिचा अभाव जाणवतो तो दार बंद झाल्यावर. डिसेंबर २०१० मध्ये विकिलीक्सला देणग्या पोहोचविण्याचे काम व्हिसा, मास्टरकार्ड आणि पेपाल यांनी थांबविले, तेव्हा कोणत्याही न्यायालयाने दोषी न ठरविलेल्या संस्थेला पैसे देण्याची वाट किती थोड्या हातांत आहे हे जगाला दिसले. त्या संस्थेविषयीचे मत काहीही असो, हे निरीक्षण बाधित होत नाही.

६

अनामिकता हा व्यक्तीचा वा चलनाचा गुणधर्म मानला की चर्चा दोन निष्फळ टोकांकडे जाते. एका टोकाला ती स्वातंत्र्याचा प्राण ठरते, दुसऱ्या टोकाला गुन्ह्याचा आसरा. ती एक संबंध आहे : कोण, कोणापासून, कोणत्या बाबतीत अज्ञात आहे, हे सांगितल्याखेरीज तिचे मूल्यमापन होऊ शकत नाही.

निवडणूक रोख्यांचा भारतीय अनुभव या दृष्टीने निर्णायक आहे. जानेवारी २०१८ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेने राजकीय पक्षांना देणगी देणाऱ्यांचे नाव मतदारांपासून गुप्त ठेवले. समर्थनार्थ सांगितले गेले ते देणगीदाराच्या खासगीपणाचे कारण, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हणून एकमताने मान्यता दिल्यानंतर त्या शब्दाला नवे वजन आले होते. पण रोखे विकणारी स्टेट बँक देणगीदारांना ओळखत होती, आणि रोख्यांवर अतिनील प्रकाशात दिसणारे क्रमांकही होते. फक्त नागरिक अंधारात होता. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ही योजना घटनाबाह्य ठरविली. गायजिसची अंगठी खऱ्या अर्थाने कोणाच्या बोटात होती, हे या प्रकरणात दिसले. भाजीवालीच्या दहा रुपयांना आडनाव जोडले जात होते आणि कोटी रुपयांच्या रोख्याला नाव नव्हते.

यावरून एक निकष हाती येतो. ज्या व्यवहाराने इतरांवर सत्ता चालते त्याला नाव असावे. ज्या व्यवहाराने माणूस केवळ आपले आयुष्य जगतो त्याला नाव सांगण्याची सक्ती नसावी. सत्तेकडून प्रकटता आणि सामान्य जीवनाला आडोसा, हे एकाच न्यायाचे दोन भाग आहेत. कांटच्या प्रकटतेच्या तत्त्वाशीही याचा विरोध येत नाही. ते तत्त्व इतरांच्या हक्कांना स्पर्श करणाऱ्या कृतींविषयी आहे, कोणी कोणते औषध घेतले याविषयी नाही.

निकषाच्या अडचणी उघड आहेत. सत्ता केवळ मोठ्या रकमेतच असते असे नाही, आणि लहान रकमा जोडून मोठी रक्कम होते. आजचा दुर्बळ उद्याचा बलवान असू शकतो. गणिती रचनेला माणसाचा हेतू वाचता येत नाही. तिने दिलेला आडोसा घर सोडून निघालेल्या स्त्रीला मिळतो तसा खंडणीखोरालाही मिळतो. पण उलट बाजूच्या अडचणीही तेवढ्याच खऱ्या आहेत. सर्व काही नोंदविणारी वही आज सज्जनांच्या हाती असेल, तर ती उद्या कोणाच्या हाती जाईल याची हमी सज्जनांना देता येत नाही, आणि नोंद तर मागे राहतेच.

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ च्या संकल्पना टिपणात लहान रकमांच्या व्यवहारांना रोखीसारखी वाजवी अनामिकता असणे इष्ट ठरू शकेल असे म्हटले, आणि १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबई, नवी दिल्ली, बंगळूरू आणि भुवनेश्वर येथे किरकोळ व्यवहारांसाठी ई-रुपयाची प्रायोगिक सुरुवात केली. त्यातील ‘वाजवी’ या विशेषणाचा अर्थ अभियंत्यांनी वा बँकेने एकट्याने ठरविण्याजोगा नाही. मर्यादा किती रकमेची, वही कोणाकडे, ती कोणाच्या आदेशाने उघडावी, उघडली हे खातेदाराला कळावे की नाही, आणि किती वर्षांनी ती पुसली जावी, हे प्रश्न त्या एका शब्दात दडलेले आहेत. त्यांची उत्तरे ठरविताना मसूर स्थानकावर उतरलेल्या मुलांना, खिशात पुरेसे पैसे असताना, आपण कोण हे न सांगता पुढे जाता आले असते काय, हा प्रश्न विचारून पाहावा. ज्या चलनात त्याचे उत्तर होकारार्थी येत नाही, ते कितीही वेगवान असले तरी नोटेने ‘धारक’ या शब्दात जे दिले होते तेवढेही देत नाही.